पावशा काय म्हणतो?

मंडळी, मृग नक्षत्र जवळ आलं, की दिंडोरी-निफाडच्या शिवारात एक पक्षी ओरडू लागतो. दिसतो क्वचित, ऐकू मात्र दिवसभर येतो. आपण त्याला पावशा म्हणतो. तो आपल्याला सांगतो, ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ बियाणे घरात आलेले नसेल, तर त्या हाकेने शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. उत्तरेकडचे लोक याच पक्ष्याला पपीहा म्हणतात. तिथे तो ‘पी कहाँ’, म्हणजे माझा सखा कुठे, असे विचारतो. इंग्रज इकडे आले, त्यांनी तो भर उन्हाळ्यात ऐकला आणि त्यांना त्यात ‘ब्रेन फीवर’, म्हणजे मेंदूचा ताप, ऐकू आला. पक्षी एक, गळा एक. पण शेतकऱ्याला पेरणी ऐकू येते, विरहिणीला प्रियकर आणि साहेबाला दुखणे!

निसर्गातला आवाज आपण शब्दात पकडतो, त्याला व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात. पाऊस रिमझिमतो, ढग गडगडतात, वीज कडाडते, पाने सळसळतात. ही युक्ती फार जुनी. निरुक्तकार यास्काने काक हा शब्द कावळ्याच्या ओरडण्यावरून आला असे सांगितले आणि पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळ आढळते असेही म्हटले. हे मत न मानणारे त्या काळीही होते, त्यांचीही नोंद त्याने केली आहे. आपली टिटवी घ्या. तिचे नाव तिनेच सांगितलेले दिसते. पण नुसती नक्कल म्हणजे शब्द नव्हे. आपला कोंबडा कुकूच्चकू करतो, फ्रान्सातला कोकोरिको, जर्मनीतला किकेरिकी. प्रत्येक भाषा आपल्या वर्णांच्या चाळणीतून आवाज गाळून घेते.

आता जरा बाजारात चला. नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. तांबटांच्या हातोडीची ठकठक जुन्या गावाच्या अंगवळणी पडलेली. बाई माठ घ्यायला गेली, की बोटाने टिचकी मारून पाहते. ठण वाजला तर घेते. बद्द वाजला तर चीर आहे म्हणून परत ठेवते. या एका ठणवरून मराठीने काय काय केले पाहा. धडधाकट माणसाची प्रकृती ‘ठणठणीत’. पण महिनाअखेरीला त्याच माणसाच्या खिशात ‘ठणठणाट’! एक भरभक्कमपणा, दुसरा रितेपणा, आणि दोन्ही एकाच आवाजातून. भांडे अभंग असले तरी ठणठणते, रिकामे असले तरी ठणठणते. कोणा पंडिताने बसून हे शब्द घडवले नाहीत. माठ वाजवून घेणाऱ्यांनी घडवले. तसेच ‘कुरकुर’. आधी ती बैलगाडीच्या चाकाची, मग घरातल्या माणसाची झाली. ‘कटकट’ तर आता आवाज राहिलाच नाही, नुसता त्रास उरला.

याहून नवल पुढेच आहे. उजेडाला आवाज कुठे असतो? तरी तो लखलखतो, चांदणी लुकलुकते, काजवे चमचमतात. वेदनेलाही आवाज नाही. पण गळू ठणकते, डोळे चुरचुरतात, पायाला झिणझिण्या येतात, पोटात कळ मारते. ‘दुखतंय’ एवढेच सांगितले तर डॉक्टर चार प्रश्न विचारतील. ‘ठणकतंय’ म्हटले, की निम्मे उत्तर त्यात आले. आजाऱ्याच्या दृष्टीने हे काही भाषेचे दागिने नव्हेत.

कवी हेच कसब जाणूनबुजून वापरतो. एकच वर्ण पुनःपुन्हा आणला, की अनुप्रास. अर्थ बदलून तीच अक्षरे परत आणली, की यमक. कुसुमाग्रजांच्या १९४२ सालच्या ‘विशाखा’तील दोन कवितांची नुसती नावे मोठ्याने म्हणा: ‘पृथ्वीचे प्रेमगीत’, ‘कोलंबसाचे गर्वगीत’. पहिल्यात प आणि दुसऱ्यात ग कसा हात धरून चालतो, ते कानालाच कळेल. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ट, ठ, ड, ढ हे वर्ण वीररसाला साजणारे आणि माधुर्याला मारक ठरवले. कडकडाट, गडगडाट पाहता ते पटते. पण आपला ळ त्या हिशेबात नव्हताच! तोही जीभ मागे वळवूनच उच्चारायचा, तरी झुळझुळ, खळखळ, बाळ, लळा यांतला गोडवा त्याचाच.

मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांची तर या खेळात हौसच मोठी. ‘केकावली’ म्हणजे मोराच्या केकांची माळ. मोर म्हणजे स्वतः पंतच. त्यांनी निरोष्ठ रामायणही रचले. त्यात ओठाला ओठ लावून म्हणायचे अक्षर येऊ द्यायचे नाही. म वर्ज्य झाला म्हणजे रामायणात ‘राम’ म्हणायची सोय नाही! कसरत अचाट खरी, पण मला तरी तिच्यापेक्षा जात्याच्या घरघरीवर सुचलेली ओवी जवळची वाटते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. लय कानात असेल तर पाटी-पेन्सिलीवाचून काव्य अडत नाही.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. ही यादी मुलांकडून पाठ करून घेऊ नका. जाते गेले, मोट गेली; त्यांची घरघर आणि कुरकुर मुलांनी ऐकलेलीच नाही, तर नुसते शब्द घोकून काय होणार? त्यापेक्षा वर्गाची खिडकी उघडा, डोळे मिटायला सांगा आणि जे ऐकू येईल ते पाटीवर लिहायला सांगा. ट्रॅक्टर, पंप, फोनची घंटा, काहीही चालेल. सुरगाणा-पेठकडचा मुलगा कोकणा बोलीतला शब्द लिहील, बागलाणातला अहिराणीतला. तो पुस्तकात नाही म्हणून त्यावर लाल रेघ मारू नका. त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा, इतर मुलांना तो कशाचा आवाज असेल ते ओळखू द्या, आणि मग तो फळ्यावर पुस्तकातल्या शब्दाशेजारी लिहा.