मुलांचे फोटो टाकताय? आधी पालकांना विचारलंत का?

कोचिंग क्लास, डान्स क्लास किंवा प्ले ग्रुप सुरू केला की जाहिरातीसाठी पहिल्यांदा सुचतात ते मुलांचे फोटो. खर्च शून्य, लाइक्स भरपूर! पण जरा थांबा.

समजा, तुम्ही इन्स्टाग्रामवर एका मुलीचा फोटो टाकला. खाली तिचं पूर्ण नाव, अंगावर शाळेचा गणवेश, सोबत क्लासचं लोकेशन आणि बॅचची वेळ. सुटी सुटी माहिती साधीच वाटते. एकत्र वाचली, तर ही मुलगी रोज संध्याकाळी कुठे असते, हे कुणाही अनोळखी माणसाला कळतं.

कायदा काय सांगतो? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची, पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतचे नियम मोडले तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीसारख्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तयारीला वेळ आहे, पण सवय आत्ताच लावायची.

मग करायचं काय?

१. फोटोची संमती प्रवेश अर्जात दडवू नका, वेगळ्या कागदावर घ्या. फोटो वेबसाइटवर, फेसबुकवर की फ्लेक्सवर येणार, ते स्पष्ट लिहा. पालक ‘नको’ म्हणाले, तरी प्रवेश द्याच.

२. चेहरा दाखवायलाच हवा असं नाही. मुलांनी काढलेली चित्रं, पाठमोरा फोटो यावरही छान पोस्ट होते. चेहरा असेल तर पूर्ण नाव नको.

३. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. सूचनांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा.

४. प्रवेशाची गुगल शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी ठेवू नका. क्लास सोडलेल्या मुलांची नको असलेली माहिती काढून टाका.

५. पालकांनी फोटो काढायला सांगितला, तर वाद न घालता काढा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं कायदाच म्हणतो.

आज एकच काम करा. तुमच्या पेजवरचे जुने फोटो उघडा आणि प्रत्येक फोटोला विचारा, याची लेखी परवानगी माझ्या फाइलमध्ये आहे का? नसेल तर पालकांना फोन लावा, नाहीतर फोटो काढून टाका.