कागदाची मुदत, पायांची मुदत

फुटबॉलच्या सामन्याचा निकाल नव्वद मिनिटांत लागतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते अर्धेच खरे. उरलेला अर्धा निकाल क्लबच्या कचेरीत, टेबलाशी बसून, दोन-दोन वर्षे आधी लागलेला असतो. तिथे चेंडू नसतो, शिट्टी नसते, प्रेक्षक तर नसतातच. असतो तो एक कागद, आणि त्या कागदावर एक तारीख. अमुक खेळाडू अमुक सालच्या जूनअखेरपर्यंत आपला! त्यापुढे तो कोणाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता एखाद्या घरातल्या तीन मोठ्या विमा-पॉलिसींची मुदत एकाच दिवशी संपत असावी, आणि घरातल्या कर्त्या माणसाला ते ऐन वेळी कळावे, तशी अवस्था 2024 साली इंग्लंडातल्या लिव्हरपूल क्लबची झाली. मोहम्मद सलाह हा गोल करणारा, व्हर्जिल व्हॅन डाइक हा बचावफळीचा खांब आणि संघाचा कप्तान, आणि ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड हा त्याच गावचा, सहाव्या वर्षापासून त्याच क्लबात वाढलेला पोरगा. तिघांचेही करार 2025 च्या जूनअखेर संपत होते. पहिल्याचे वय 32, दुसऱ्याचे 33, तिसऱ्याचे 26.

एवढा मोठा क्लब, हिशेबाला माणसे, वकिलांना तोटा नाही. मग असे झाले कसे? माझ्या मते उत्तर अगदी घरगुती आहे. त्या टेबलावरचा माणूसच सारखा बदलत होता. मायकेल एडवर्ड्स 2022 मध्ये गेला, त्याच्या जागी आलेला ज्युलियन वॉर्ड 2023 मध्ये गेला, नंतरचा यॉर्ग श्माट्के 2024 च्या जानेवारीत गेला. त्याच महिन्यात प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यानेही आपण उन्हाळ्यात निघणार, असे जाहीर केले. रिचर्ड ह्यूज हा नवा कारभारी त्या उन्हाळ्यात खुर्चीवर बसला, तेव्हा तिन्ही कागदांना एकेकच वर्ष उरले होते. ज्या घरात किल्ल्या वर्षावर्षाला हात बदलतात, तिथे कोठीत काय संपत आले आहे हे कोण पाहणार?

पण शेवटच्या वर्षाला एवढे महत्त्व का? त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या इतिहासात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार आपण वाचलेले आहेत. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येणारा. इंग्लंडातला फुटबॉलपटू पाऊणशे वर्षे बारगिराहूनही बारगीर होता. करार संपला तरी क्लब त्याचे नाव आपल्या यादीत राखून ठेवू शके. पगार देईना का, पण दुसरीकडे जाऊ देत नसे! शिवाय पगाराला कमाल मर्यादा. 1901 साली ती आठवड्याला 4 पौंड होती. 1961 साली ती उठली तेव्हा कोठे 20 पौंडांवर पोचली होती. ती उठताच फुलहॅमच्या जॉनी हेन्स याला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले आणि साऱ्या देशात त्याची चर्चा झाली.

नाव राखून ठेवण्याच्या चालीविरुद्ध उभा राहिला तो न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम. 1960 साली त्याचा करार संपला, त्याला आर्सेनलकडे जायचे होते, क्लब सोडीना. तेव्हा पठ्ठ्याने खेळणेच बंद केले आणि दक्षिण इंग्लंडात जाऊन बुचे विकण्याची नोकरी धरली. अखेर क्लब नमला. तरीही ईस्टहॅमने दावा चालवलाच, आणि 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही चाल म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेला गैरवाजवी निर्बंध आहे, असा निकाल दिला.

दोरी सैल झाली, तुटली मात्र नाही. ती तोडली जाँ-मार्क बॉसमन या बेल्जियन खेळाडूने, आणि त्याची किंमत त्याने स्वतः भरली. 1990 साली लिएज क्लबाशी त्याचा करार संपला. क्लबाने नवा देऊ केला तो महिना 1,20,000 फ्रँकवरून 30,000 वर आणून. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबात जायचे होते, पण लिएजची भरपाईची मागणी आडवी आली. पाच वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा, दमडीची भरपाई न देता. तोवर बॉसमनची खेळण्याची वर्षे संपली होती. पुढे त्याला दारिद्र्याचे आणि दारूचेही दिवस पाहावे लागले. आज ज्यांच्या खात्यांत कोट्यवधी जमा होतात, त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, देव जाणे.

या निकालाने टेबलाची दिशाच फिरली. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू परदेशी क्लबाशी उघड बोलणी करू शकतो. म्हणून शहाणा क्लब दोन वर्षे उरली असतानाच विचारतो: बाबा रे, राहतोस का? नाही म्हणाला तर एक वर्ष उरले असताना विकून पैसे करायचे. लिव्हरपूलने सादियो माने याला 2022 साली बायर्न म्यूनिकला विकले ते असेच. उलट एम्रे चान 2018 मध्ये, वाइनाल्डम 2021 मध्ये आणि फिर्मिनो 2023 मध्ये फुकट गेले.

आता कोणी म्हणेल, मग दहा-दहा वर्षांचे करार करावेत की! तेही झाले आहे. चेल्सी क्लबाने 2023 च्या जानेवारीत एन्झो फर्नांडेस याला साडेआठ वर्षांचा कागद दिला. यात हिशेबाची एक गंमत होती. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम वहीत करारच्या वर्षांवर वाटून लिहितात. दहा कोटी पौंडांचा माणूस पाच वर्षांवर वाटला तर वर्षाला दोन कोटी, आठ वर्षांवर वाटला तर सव्वा कोटी. खर्च तेवढाच, वही मात्र हसरी! ही युक्ती ध्यानात येताच युरोपच्या मंडळाने आणि मग डिसेंबर 2023 मध्ये प्रीमियर लीगनेही वाटणीला पाच वर्षांची मर्यादा घातली. मँचेस्टर सिटीने 2025 च्या जानेवारीत हालाँडला 2034 पर्यंत बांधले, त्यात मात्र हा हेतू नव्हता. हातचा माणूस जाऊ नये, एवढेच. पण लांब कागद दुधारी असतो. खेळाडू उतरला तर त्याचा पगार उतरत नाही.

आणि हे सगळे गणित ज्या जमिनीवर मांडायचे तीच सरकली तर? ते 2025 साली आपल्या देशाने पाहिले. इंडियन सुपर लीग ज्या हक्क-करारावर उभी होती तो 2010 सालचा, 15 वर्षांचा. डिसेंबर 2025 मध्ये तो संपणार हे सर्वांना ठाऊक होते, तरी नवा झाला नाही. जुलैत हंगाम स्थगित झाला, आणि काही क्लबांनी पगारही थांबवले. मुंबई सिटी असो की एफसी गोवा, खेळाडूंशी करार होते, पण खेळायचे कोठे, हे कोणी सांगेना. गड्यांचे कागद शाबूत, आणि मळ्याचाच कागद संपलेला! खेळ सुरू व्हायला फेब्रुवारी 2026 उजाडला, तोही आखडत्या हंगामाने.

असो. आपले तिघे तिकडे राहिले.

सलाहने 2024 च्या नोव्हेंबरात उघडच सांगून टाकले की अजून आपल्यापुढे कागद आलेला नाही. कारभाऱ्यांचीही अडचण होती. तिशीनंतर खेळाडूचे पाय कधी दगा देतील याचा नेम नसतो, आणि मोठा पगार दोन वर्षे लिहून देणे म्हणजे न पिकलेल्या शेतावर कर्ज काढणे. पण सलाहने त्या हंगामात लीगमध्ये 29 गोल केले आणि आणखी 18 गोलांना हात, म्हणजे पाय, लावला. 11 एप्रिल 2025 रोजी त्याचा आणि 17 एप्रिलला व्हॅन डाइकचा करार 2027 पर्यंत वाढला. दहा दिवसांनी संघ लीगचा विजेता झाला.

ट्रेंट मात्र गेला. 5 मे रोजी त्याने निरोप जाहीर केला, आणि 11 तारखेला तो मैदानात उतरताच घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. माझ्या भाच्याने त्याला त्या दिवशी गद्दार म्हटले. मला ते मुळीच पटत नाही. वीस वर्षे एका दारात राबलेला मुलगा करार अखेरपर्यंत पाळून निघाला, यात गद्दारी कसली? पण भाच्याच्या रागालाही आधार आहे. गावात वाढलेल्या खेळाडूची वहीत किंमत शून्य असते, म्हणून तो विकला तर सगळीच रक्कम नफा. शिवाय प्रीमियर लीगच्या 25 जणांच्या यादीत बाहेर तयार झालेले 17 हून अधिक चालत नाहीत, म्हणून घरचा माणूस दुप्पट मोलाचा. असा माणूस जवळपास फुकट गेला. जवळपास म्हणण्याचे कारण, रेआल माद्रिदला तो जूनमधल्या स्पर्धेसाठी महिनाभर आधी हवा होता, आणि उरलेल्या त्या एका महिन्याच्या कागदाचे त्यांनी सुमारे एक कोटी युरो मोजले!

बाकीच्या दोघांचे तरी सुरळीत झाले का? त्या उन्हाळ्यात क्लबाने पुढच्या दहा वर्षांचा संघ उभारायचा म्हणून व्हिर्ट्झ आणला, साडेबारा कोटी पौंड मोजून इसाक आणला. आणि सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत बारापैकी नऊ सामने हरला. डिसेंबरात लीड्सच्या सामन्यात सलाह सबंध वेळ बाकावर बसून राहिला, आणि अपयशाचे खापर आपल्या एकट्याच्या माथी फोडले जात आहे, असे पत्रकारांना सांगून मोकळा झाला. पुढच्या सामन्यासाठी मिलानला जाणाऱ्या चमूतून क्लबाने त्याचे नाव काढले. नव्या कागदावरची शाई आठ महिन्यांची होती.

ट्रेंटही त्याआधी महिनाभर, 4 नोव्हेंबर 2025 रोजी, माद्रिदच्या बाजूने अ‍ॅनफील्डवर आला होता. मैदानाजवळच्या भिंतीवर त्याचे मोठे चित्र होते, ते कोणीतरी रंग फासून विद्रूप केले होते. शेवटच्या काही मिनिटांसाठी तो बाकावरून उठला, तेव्हा पुन्हा हुर्यो झाली. भाचा हा सामना रात्री जागून पाहत होता. हुर्यो कानावर पडताच त्याने आवाज बारीक केला, आणि आईची झोप मोडेल, असे कारण सांगितले.