पुत्राच्या स्मृतीचे पाणी
मुंबईच्या मुळजी जेठा कारंज्याची कथा

मुंबईचे मुळजी जेठा मार्केट ठाऊक नाही असा कापडाचा जुना व्यापारी मराठवाड्यात विरळाच. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई येथील अनेक पेढ्यांचा संबंध कधी ना कधी त्या बाजाराशी आला. परंतु ज्या घराण्याच्या नावाने हा बाजार ओळखला जातो, त्याच घराण्याने मुंबईच्या कोट विभागात, मिंट रोडवर, एक शिल्पमंडित कारंजे उभारले आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. धनाचे, दुःखाचे आणि दानाचे नाते कसे असते, हे त्या कारंज्याच्या इतिहासातून समजते.

मुळजी जेठा हे भाटिया समाजातील कापूस आणि कापड व्यापारातले मातब्बर घराणे. त्या घराण्यातील शेठ रतनसी मुळजी यांचा एकुलता एक पुत्र धरमसी हा १८८९ मध्ये कोवळ्या वयातच निवर्तला. घरात संपत्तीला उणे नव्हते. मात्र ती ज्याच्या हाती सोपवायची, तोच राहिला नाही. अशा प्रसंगी माणूस देवालय बांधतो, धर्मशाळा बांधतो किंवा सदावर्त घालतो. रतनसी शेठ यांनी पाणी निवडले. वाटसरूची तहान भागावी आणि त्या निमित्ताने मुलाचे नाव लोकांच्या ओठी राहावे, या हेतूने त्यांनी हे कारंजे बांधविले. १८९४ च्या सुमारास ते पूर्ण झाले.

या कामासाठी निवडलेली माणसेही त्या काळातील अग्रगण्य होती. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाणारे बोरीबंदरचे भव्य स्थानक आणि त्यासमोरील महापालिकेची इमारत यांचे हेच वास्तुशिल्पी. शिल्पकामात त्यांना जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांचे साहाय्य लाभले. ग्रिफिथ्स यांचे नाव मराठवाड्याला परके नाही. १८७२ पासून दहा-बारा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेणारे ते हेच. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. तरीही अजिंठ्याची कीर्ती जगभर नेण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

कारंज्याच्या अंगावर नाना प्राण्यांची शिल्पे कोरलेली आहेत. सर्वांत वर मात्र देवाची मूर्ती नाही, राजाचा पुतळा नाही, की दात्याचीही प्रतिमा नाही. तेथे हाती पुस्तक घेतलेला एक मुलगा आहे. मुलाला दागिन्यांनी मढविलेला दाखविणे त्या ऐश्वर्याला अशक्य नव्हते. परंतु त्याची ओळख म्हणून पुस्तकच ठेवले गेले. वारस म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून तो आजही तेथे आहे.

हे कारंजे ज्या काळात उभे राहिले, तो काळही लक्षात घ्यावा लागतो. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईला मिळू लागले. तत्पूर्वी शहराची भिस्त विहिरी आणि तळ्यांवर होती. नळाचे पाणी आल्यावर भर रस्त्यात, चौकात पाणपोई बांधणे शक्य झाले. धर्मशाळा आणि विहिरी बांधणाऱ्या व्यापाऱ्यांचे दान या नव्या मार्गाने वाहू लागले. गोदीतला हमाल, बैलगाडीवाला, टपाल कार्यालयात आलेला परगावचा माणूस, कोणालाही जात न विचारता पाणी मिळावे, अशी ही सोय होती.

जैन व्यापारी यात मागे नव्हते. किंबहुना, शेठ केशवजी नायक हे कच्छी दसा ओसवाल जैन. शत्रुंजयावरील त्यांच्या नावाची टूक यात्रेकरूंना परिचित आहे. मशीद बंदरच्या भात बाजारात त्यांनी घड्याळासह बांधविलेले कारंजे १८७६ चे, म्हणजे मुळजी जेठा कारंज्याहून जवळपास दोन दशके आधीचे. तीर्थक्षेत्री टूक आणि बाजारपेठेत पाणी, अशी दोन्ही दाने एकाच हाताने झाली.

आप्ताच्या नावाने दान करण्याचे आणखी थोर उदाहरण शेठ प्रेमचंद रायचंद यांचे. सुरतेच्या या जैन व्यापाऱ्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला मातेचे, राजाबाईंचे, नाव देण्यात आले. दृष्टी अधू झालेल्या मातेला घंटानादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे, हा त्यामागील हेतू होता, अशी आख्यायिका सांगितली जाते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद शेठ यांचे वैभव पाहता पाहता ओसरले. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला तो त्यानंतर. बाजारातली दौलत टिकली नाही. दिलेले तेवढे उरले.

परंतु दिलेलेही आपोआप टिकत नाही, हे मुळजी जेठा कारंज्यानेच दाखवून दिले. घरोघरी नळ आले, कारंज्याची निकड संपली, दगडावर काजळी चढली आणि वाहत्या पाण्यासाठी बांधलेली ही वास्तू कोरडी पडली. दाता गेला, वारसांची पांगापांग झाली की सार्वजनिक वास्तूचे जे होते, तेच येथे झाले. पुढे काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. त्याच वर्षी राजाबाई मनोरा आणि विद्यापीठ ग्रंथालय यांच्या जतनकार्यालाही पुरस्कार लाभला. आई आणि मूल यांच्या नावाने उभी राहिलेली ही दोन स्मारके एकाच वर्षी गौरविली गेली.

बीडकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शहरानजीकची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने बांधविली. तिच्या भुयारी मार्गांनी शतकानुशतके शिवारांना पाणी दिले. ती टिकली, कारण तिच्यावर शेती अवलंबून होती आणि म्हणून तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष राहिले. कारंज्याला असा रोजचा राखणदार उरला नाही.

आप्ताच्या स्मरणार्थ पाणपोई, जलमंदिर किंवा शाळेत शुद्ध पाण्याचे यंत्र देण्याची प्रथा आज समाजात सर्वत्र आहे आणि ती स्तुत्य आहे. मात्र बांधकामाचा खर्च मोजताना देखभालीचा विचार क्वचितच केला जातो. उद्घाटनाच्या दिवशी वाहणारे पाणी दोन उन्हाळ्यांनंतर थांबते; संगमरवरी पाटीवरचे नाव तेवढे चकाकत राहते. ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे, त्यांच्यासाठी हा गौरव म्हणता येणार नाही.

यावर उपाय व्यापारी घराण्यांना अपरिचित नाही. वास्तूसाठी जेवढी रक्कम काढायची, तिचाच एक भाग न्यासाच्या नावे कायम ठेव म्हणून बाजूला ठेवावा, मुद्दलाला हात लावू नये आणि व्याजातून नळ, गाळणी, सफाई व राखणदाराचा पगार भागवावा. ठेवीचा हिशेब दरवर्षी संघापुढे मांडला जावा. वास्तू थोडी लहान झाली तरी चालेल. पाणी गाळलेले आणि अखंड असावे. रतनसी शेठ यांनी मुलाच्या नावाने जे मागितले होते, ते दगडाने जपले. पाणी मात्र मधल्या काळात आटले. पुढील दात्यांनी निदान पाण्याची तजवीज आधी करावी.