टिंबाआड दडलेल्या फायली

लिनक्सवर फायलीच्या नावाआधी एक टिंब लावलं की ती यादीतून दिसेनाशी होते. कुलूप नाही, पासवर्ड नाही, परवानगीची भानगड नाही. यादी दाखवणारी ‘एलएस’ ही कमांड टिंबाने सुरू होणारं नाव गाळून पुढे जाते, इतकंच. तिलाच ‘-ए’ जोडून विचारलं, तर लपलेलं सगळं मुकाट समोर येतं.

ही सोय कुणी डोकं लावून आखली असेल असं वाटतं. तसं काही नव्हतं. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं, ते युनिक्स बेल लॅब्जमध्ये घडत असताना प्रत्येक फोल्डरमध्ये दोन नोंदी आपोआप येऊ लागल्या. एक टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’ आणि दोन टिंबं म्हणजे ‘याच्या वरचा’. यादी मागवली की दरवेळी या दोघी हजर! त्या झाकण्यासाठी केन टॉम्प्सन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कुणीतरी प्रोग्राममध्ये छोटीशी अट घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. ताडून पाहायला हवी होती दोन नेमकी नावं, पाहिलं गेलं फक्त पहिलं अक्षर. त्यांचे बेल लॅब्जमधले सहकारी रॉब पाइक यांनी 2012 मध्ये हा किस्सा लिहिला. लपलेल्या फायली हा न ठरवता झालेला परिणाम होता आणि ती चूकच होती, असा त्यांचा निर्वाळा आहे.

चूक असो वा नसो, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती आवडली. आपापल्या सेटिंग्जच्या फायली टिंब लावून वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये सारून द्यायची रीत पडली, ती आजतागायत चालू आहे. विंडोजचा कारभार वेगळा. तिथे टिंबाला काही अर्थ नाही. फाइल लपवायची तर तिच्यावर ‘हिडन’ अशी खूण करावी लागते. म्हणूनच लिनक्सवर नीटनेटका दिसणारा फोल्डर विंडोजवर उघडला, की टिंबवाल्या फायलींची रांग दिसून नवखा माणूस गोंधळतो आणि ‘कचरा’ समजून काहीतरी मोलाचं उडवून बसतो.

सेटिंग्जच्या फायली निदान ठरलेल्या जागी पडून असतात. टेक्स्ट एडिटर मात्र आपण लिहीत असताना शेजारी नव्या लपलेल्या फायली तयार करतो. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 मध्ये लोकांपुढे आणलेला ‘विम’ हा एडिटर घ्या. त्यात फाइल उघडली की बाजूलाच आणखी एक फाइल जन्माला येते. नाव तेच, पुढे टिंब आणि शेवटी ‘डॉट एसडब्ल्यूपी’. ही स्वॅप फाइल. दर 200 अक्षरं टाइप झाली, किंवा हात 4 सेकंद थांबला, की केलेले बदल विम तिच्यात लिहून ठेवतो. मूळ फाइल आपण सेव्ह करेपर्यंत जशीच्या तशी राहते.

मजकूर लिहिता लिहिता लाइट गेली तर हीच स्वॅप फाइल उपयोगी पडते. पुन्हा ती फाइल उघडताना विम इशाऱ्याने अख्खा पडदा भरून टाकतो: ‘ई325’ हा क्रमांक, स्वॅप फायलीची तारीख, ती कुणाची आहे, कोणत्या प्रोसेसने बनवली. काहींना हा व्हायरस वाटतो. घाबरून ते ‘तरीही उघड’ असं सांगतात आणि अर्ध्या तासाचं काम शेजारी पडलेलं असताना जुन्याच मजकुरावर पुन्हा लिहायला बसतात. खरं तर इशाऱ्यातच उत्तर असतं. प्रोसेस अजून ‘चालू’ आहे असं लिहिलं असेल, तर तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे. मुकाट्याने बाहेर पडावं. तसं नसेल तर ‘रिकव्हर’चं ‘आर’ दाबावं, सावरलेला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करावा, मूळ फायलीशी ताडून पाहावा आणि मग स्वॅप फाइल हाताने पुसावी. विम ती आपणहून पुसत नाही, त्यामुळे तोच इशारा पुन्हा येतो. फोल्डरमध्ये एसडब्ल्यूपी, एसडब्ल्यूओ, एसडब्ल्यूएन अशी भावंडं दिसली, तर समजावं की कुणीतरी इशारा पुन्हापुन्हा धुडकावला आहे.

‘ईमॅक्स’ या दुसऱ्या जुन्या एडिटरची तऱ्हा निराळी. तो दर 300 कळांनंतर नावाच्या दोन्ही टोकांना ‘हॅश’ची खूण लावून तात्पुरती प्रत ठेवतो आणि पहिल्यांदा सेव्ह करताना आधीची आवृत्ती नावाला ‘~’ जोडून बाजूला काढतो. क्रमांक असलेल्या प्रती ठेवायला सांगितलं, तर सर्वांत जुन्या दोन आणि सर्वांत नव्या दोन राखून मधल्या पुसू का, असं विचारतो. हे गणित मोठं शहाणपणाचं आहे. लिहिणाऱ्याला एक तर सुरुवात परत हवी असते किंवा कालचं. मधलं सहसा कुणी मागत नाही. डीईसी कंपनीच्या ‘व्हीएमएस’ प्रणालीत तर दर सेव्हला नव्या क्रमांकाची फाइल बने, आणि डिस्क भरली की जुन्या प्रती हटवायला ‘पर्ज’ ही कमांड द्यावी लागे.

आता ‘अनडू’कडे वळू. बहुतेक एडिटरांत कंट्रोल-झेडने मागे जाऊन एक अक्षर जरी नवं टाइप केलं, तरी पुढचा जुना मजकूर कायमचा गेला. विमने 2006 च्या सातव्या आवृत्तीपासून ही साखळी मोडून इतिहासाचं झाड केलं. मागे जाऊन नवं लिहिलं की नवी फांदी फुटते, जुनी तशीच राहते. ‘अर्लिअर 10 एम’ अशी कमांड दिली, तर 10 मिनिटांपूर्वीचा मजकूर समोर हजर! 2010 पासून हे झाड डिस्कवरही साठवता येतं, म्हणजे संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी कालचं ‘अनडू’ करता येतं. ही सोय आपल्याला सुरू करावी लागते. आणि याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवलेली बरी: आपण खोडलेला, कुणाला दाखवायचा नसलेला परिच्छेद त्या लपलेल्या फायलीत शाबूत असतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हीएस कोड’मध्ये 2022 पासून असाच स्थानिक इतिहास आहे. तो दर सेव्हला प्रत ठेवतो, एका फायलीच्या जास्तीत जास्त 50, आणि 256 केबीहून मोठ्या फायलींना हात लावत नाही. या प्रती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नसून वापरणाऱ्याच्या खात्यात असतात. पेन ड्राइव्हवर फोल्डर नेला तर इतिहास मागेच राहतो.

सोबत नेता येणारा इतिहास हवा, तर ‘गिट’. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. त्याचा सगळा संसार टिंबवाल्या ‘.गिट’ फोल्डरमध्ये असतो. तो उडाला की त्या संगणकावरचा इतिहास उडाला. मराठीत लिहिणाऱ्यांना गिटचे दोन चटके हमखास बसतात. फायलीचं नाव देवनागरीत असेल तर ‘ल’च्या जागी 340, 244, 262 असे तिरक्या रेघांनी जोडलेले आकडे दिसतात, कारण यूटीएफ-8 मध्ये ‘ल’ तीन बाइटांचा असतो आणि गिट ते बाइट सुटे दाखवतं. ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की नाव सरळ वाचता येतं. दुसरा चटका असा, की गिट फरक ओळीनुसार दाखवतं. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत लिहिला असेल, तर एक वेलांटी सुधारली तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय जोडला, तर बदललेला शब्दच तेवढा उठून दिसतो.

फायलीत दडलेला इतिहास भलत्याच्या हाती पडला की काय होतं, ते ब्रिटिश सरकारने अनुभवलं आहे. फेब्रुवारी 2003 मध्ये पंतप्रधान कार्यालयाने इराकवरचा एक अहवाल वर्ड फायलीच्या रूपात वेबसाइटवर टाकला. त्यातला बराच भाग एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून उचललेला निघाला, हे एक. वर त्या फायलीच्या पोटात शेवटच्या दहा सेव्हची नोंद होती, आणि कुणाकुणाच्या हातून ती गेली ते जगाने वाचलं.

एडिटरच्या फायलींनीही असाच घात होतो. वेब सर्व्हरवर बसून कुणी पीएचपी फाइल विममध्ये उघडली आणि मध्येच कनेक्शन तुटलं, तर स्वॅप फाइल तिथेच राहते. मूळ फाइल मागितली तर सर्व्हर ती चालवून फक्त निकाल देतो; पण शेवट बदललेली स्वॅप प्रत त्याला ओळखता येत नाही, आणि ती तो जशीच्या तशी, डेटाबेसच्या पासवर्डसकट, मागणाऱ्याला देऊन टाकतो. विममध्ये ‘डिरेक्टरी’ आणि ‘अनडूडर’ या सेटिंग्जनी या फायलींसाठी एक बाजूचा फोल्डर नेमून देता येतो. गिटलाही ‘.गिटइग्नोर’मध्ये सांगता येतं, की यांना घेऊ नकोस. हे काम पहिल्याच दिवशी उरकावं, कारण गिटच्या नोंदीत एकदा गेलेला पासवर्ड पुढच्या नोंदीत खोडला तरी जुन्या नोंदीत तसाच राहतो. इतिहास नव्याने लिहिणारी साधनं आहेत, पण तोवर कुणी प्रत उतरवली असेल तर त्यांचा उपयोग नाही. असं झालंच, तर फाइल पुसायच्या खटपटीआधी तो पासवर्ड बदला.