कानाला जुना बाजार नाही

भोसरी-चाकण पट्ट्यातील काही तरुण अभियंत्यांना अलीकडे एका नव्या हौसेने ग्रासले आहे. पगार झाला की महागडा हेडफोन घ्यावयाचा, चार महिन्यांत तो तोट्यात विकावयाचा, दुसरा आणावयाचा आणि अखेर पहिल्याच्या आठवणीने व्याकूळ होऊन तोच पुन्हा विकत घ्यावयाचा! सेनहायझरचा १९९७ सालचा ‘एचडी ६००’ आजही विकला जातो. तेव्हा दोष यंत्राचा नसावा. नव्या आवाजाला कान सरावतो आणि नवलाई ओसरते, इतकेच.

हौसेला मोल नाही, हे खरे. परंतु ज्या कानासाठी हा खटाटोप, तोच कान प्रेस शॉपच्या पाळीत आठ तास उघडा असतो. ८५ डेसिबलहून अधिक गोंगाट रोज सोसल्यास श्रवणशक्ती क्षीण होत जाते. बहुधा प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे सूर हरपतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या बहिरेपणाची नोंद होती, ती उगीच नव्हे. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

कानात घालावयाचे फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. ते मात्र खिशातच राहतात. हेडफोन विकून पुन्हा घेता येतो. कानाला जुना बाजार नाही.