जुळ्या नौकेचा प्रवेश

नॅथॅनेल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पज्ञाने १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत ‘ॲमरिलिस’ नावाची जुळी नौका, म्हणजेच कॅटॅमरॅन, उतरवली, आणि तिने प्रतिष्ठितांच्या यॉटींना इतक्या सहज मागे टाकले की, तक्रारी गुदरल्या जाऊन अशा नौकांना नेहमीच्या वर्गांत मज्जाव करण्यात आला. हरलेल्यांनी जिंकणाऱ्यालाच बेकायदा ठरवावे, ही रीत काही केवळ राजदरबारांची नव्हे.

कॅटॅमरॅनच्या वेगात गूढ असे काही नाही. शिडावर वाऱ्याचा दाब आला असता मोठी एकांगी नौका तळाशी बांधलेल्या जड भाराच्या आधारे तोल सावरते आणि तो भार तिला सदैव वाहावा लागतो. उलट दोन निमुळती अंगे परस्परांपासून दूर ठेवली की तोच तोल निव्वळ रुंदीने साधतो, आणि लाटा उठवण्यात खर्च होणारी शक्तीही पुष्कळशी वाचते.

१९६० नंतर आंतरराष्ट्रीय यॉट रेसिंग युनियनने या नौकांना शिडाच्या क्षेत्रफळावरून रीतसर वर्ग नेमून दिले. त्यांपैकी बी वर्गाची मर्यादा २३५ चौरस फूट. त्या मर्यादेत रॉडनी मार्च यांनी इंग्लंडमधील ब्राइटलिंगसी येथे टॉर्नेडो ही नौका रेखाटली: लांबी वीस फूट, रुंदी दहा फूट, आणि अंगे पातळ प्लायवुड बळाने वाकवून घडवलेली. ऑलिंपिकमध्ये तिला १९७६ साली प्रवेश मिळाला आणि पहिले सुवर्णपदक, जॉन ऑस्बर्न यांच्या साथीने, रेज व्हाइट यांनी पटकावले. तिच्या घडणीत ज्या व्हाइट यांचा हात होता त्यांनीच तिला जिंकून दाखवावे, हा योग विरळाच.

पुढे सिडनीच्या ऑलिंपिकनंतर तिला स्पिनेकर हे फुगीर शीड मिळाले, आणि ट्रॅपीझच्या तारेला लोंबकळून तोल राखण्याची मुभा दोघाही नाविकांना मिळाली. माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय या लवचीकपणाकडेच जाते. तरीही २००८ हे तिचे अखेरचे ऑलिंपिक ठरले, आणि लंडनला कॅटॅमरॅन नव्हतीच.

२०१६ मध्ये रिओला एक पुरुष व एक स्त्री यांनी मिळून हाकारायची नाक्रा १७ ही कॅटॅमरॅन आली. टॉर्नेडोत दोन कांस्यपदके मिळवलेल्या सांतियागो लांखे यांनी चोपन्नाव्या वर्षी सेसिलिया कारांझा यांच्यासह तीत सुवर्ण जिंकले. त्यानंतर या नौकेला फॉइल नावाचे जलपंख बसवण्यात आले, ज्यांच्या बळावर नौका पाण्यावर उचलली जाते. त्यामुळे नाळ खाली घुसू नये म्हणून अंगभार सतत पुढेमागे करणे, हे नाविकांचे नवे कसब झाले, आणि त्यात पारंगत असलेल्या इटलीच्या रुजेरो टीटा व कातेरिना बांती यांनी टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळवले.