डोंगराच्या अल्याड, डोंगराच्या पल्याड

लेखमाला : परक्या गावात बिऱ्हाड (लेखांक सातवा)

अमेरिकेत वैद्यकीय रेसिडेन्सीचा निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो आणि काम सुरू होतं जुलैच्या तोंडावर. मधल्या साडेतीन महिन्यांत डॉक्टर मंडळींना, कधीही पाय न ठेवलेल्या शहरात, बहुतेक वेळा फोनवरूनच, घर शोधायचं असतं. शहर अलाबामातलं बर्मिंगहॅम निघालं तर पुण्याहून किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणारा माणूस नकाशा उघडतो आणि विद्यापीठाच्या रुग्णालयाभोवती वीस मिनिटांच्या अंतराचा एक गोल मारतो. एडिसनमध्ये अशानं भागतं. तिथं रेल्वे स्टेशन जवळ आहे ना, एवढं पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. बर्मिंगहॅमच्या त्या गोलात मात्र चार-पाच वेगवेगळ्या नगरपालिका बसतात. प्रत्येकीच्या शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे, करांचे दर वेगळे. दोन घरांत मैलाचंही अंतर नसतं आणि किमतीत दुपटीचा फरक असू शकतो.

भाडेकराराच्या कलमांबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. पण करार करायचा तो कुठल्या भागात, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. त्यासाठी दक्षिणेतलं हे एकच मध्यम शहर जरा जवळून पाहू.

बर्मिंगहॅम तसं जुनं नाही. यादवी युद्धानंतर, १८७१ साली, दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या जागी ते वसवलं गेलं. लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी ही पोलादाची तिन्ही सामग्री काही मैलांच्या आत सापडत होती. खनिज होतं ते शहराच्या दक्षिणेला आडव्या पडलेल्या रेड माउंटन या डोंगरात. भट्ट्या उत्तरेकडच्या खोऱ्यात धडधडू लागल्या, धूरही तिथंच कोंडू लागला, आणि ज्यांच्या हाती पैसा होता ते डोंगर ओलांडून पलीकडे राहायला गेले. आजही गावात ‘ओव्हर द माउंटन’ म्हटलं की माउंटन ब्रूक, होमवुड, व्हेस्टाव्हिया हिल्स ही सुखवस्तू उपनगरं असं सगळ्यांना कळतं. डोंगरमाथ्यावर अग्निदेव व्हल्कनचा ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा उभा आहे. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो घडवला गेला. त्याच्या अंगावर पुढून लोहाराचा ॲप्रन आहे, मागून काहीच नाही, आणि पाठ केली आहे ती नेमकी होमवुडकडे. होमवुडकरांनी ते केव्हाच हसण्यावारी नेलंय.

२०२० च्या जनगणनेत बर्मिंगहॅम शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या जेमतेम वर होती. १९६० मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर होती. आसपासचा परिसर धरला तर मात्र अकरा लाखांच्या घरात लोक राहतात. म्हणजे माणसं गेली ती फार लांब नाही, हद्दीबाहेर गेली.

ही हद्द पोस्टाच्या पत्त्यावरून ओळखता येत नाही, आणि नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथंच. ३५२४२ हा पिन कोड पाहा. पत्ता ‘बर्मिंगहॅम, अलाबामा’ असाच लिहिला जातो. पण हायवे २८० लगतचं ते घर शेल्बी काउंटीतलं असतं, आणि प्रत्यक्षात एक तर हूवर शहरात, नाहीतर कुठल्याच नगरपालिकेत न मोडणाऱ्या, नुसत्या काउंटीच्या जमिनीवर. हूवरमध्ये असेल तर मुलं हूवरच्या शाळेत. काउंटीच्या जमिनीवर असेल तर काउंटीच्या शाळेत, पोलिसांऐवजी शेरीफ, आणि बऱ्याच ठिकाणी अग्निशमन दलाची वर्गणीही वेगळी. म्हणून जाहिरातीतल्या गावाच्या नावावर न जाता काउंटीच्या मालमत्ता-कराच्या संकेतस्थळावर घर क्रमांक टाकून नगरपालिका कोणती ते पाहावं. मग त्या शाळांच्या कार्यालयाला फोन करून हाच घर क्रमांक तुमच्या हद्दीत येतो का, हे विचारावं. घरविक्रीच्या ॲपवर शाळेचं नाव दिलेलं असतं, पण ते चुकीचं असल्याचं घर घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

शाळांची हद्द इतकी कळीची का, याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते गोड नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांतली वर्णाधारित विभागणी बेकायदा ठरवली. जेफरसन काउंटीच्या शाळांविरुद्ध १९६५ मध्ये दावा दाखल झाला. अलाबामात पुरेशी वस्ती असलेल्या शहराला काउंटीपासून फारकत घेऊन स्वतःच्या शाळा चालवता येतात. माउंटन ब्रूकनं ती सोय १९५९ मध्येच वापरली होती. होमवुड आणि व्हेस्टाव्हिया १९७० मध्ये वेगळे झाले, ट्रसव्हिल २००५ मध्ये. उत्तरेकडच्या गार्डनडेलनंही तेच करायचं ठरवलं, पण २०१८ च्या फेब्रुवारीत अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ते रोखलं. या फारकतीमागचा हेतू वर्णभेदाचा आहे, असं खालच्या न्यायालयानं आधीच नोंदवलं होतं. पाच दशकांपूर्वीचा तो १९६५ चा दावा तेव्हाही जिवंत होता.

घरांच्या बाबतीत तर रेषा उघडउघड कायद्यानं आखलेली होती. कुठल्या गल्लीत गोऱ्यांनी राहायचं आणि कुठल्या गल्लीत काळ्यांनी, हे ठरवणारा वटहुकूम बर्मिंगहॅमनं १९२६ मध्ये काढला आणि न्यायालयानं तो फेटाळेपर्यंत १९५० उजाडलं. स्मिथफील्ड वस्तीतला सेंटर स्ट्रीट ही अशीच एक सीमा. ती ओलांडून घर घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरांवर इतके बॉम्ब टाकले गेले की त्या टेकाडाला ‘डायनामाइट हिल’ हेच नाव पडलं. वकील आर्थर शोअर्स यांच्या घरावर १९६३ मध्ये पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा स्फोट झाले. तिथली घरं आजही उभी आहेत, लोक राहतात, अंगणात झाडं आहेत.

एवढं सांगायचं कारण व्यवहाराचंच आहे. घर दाखवायला आलेल्या एजंटला नवखा हमखास विचारतो, “हा एरिया चांगला आहे ना? आपले लोक राहतात का इथं?” एजंट हसतो आणि विषय बदलतो. तो काही लपवत नसतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, संमत झालेल्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे. जे एजंट तोंडभरून सांगतात त्यांच्यापासून जरा जपूनच राहावं. तेव्हा माहिती आपणच काढायची.

ती काढायला साधनं भरपूर आहेत, तीही फुकट. १९३० च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेनं शहरातल्या वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा, लाल असे रंग देऊन कर्ज कुठं द्यावं आणि कुठं देऊ नये याचे नकाशे बनवले होते. रिचमंड विद्यापीठानं ते इंटरनेटवर ठेवले आहेत. बर्मिंगहॅमचा नकाशा उघडून शेजारी पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा, नकाशा ठेवला की जुना लाल रंग आणि आजचं प्रदूषण कुठं कुठं एकमेकांवर बसतात ते दिसतं. उत्तर बर्मिंगहॅममध्ये कॉलेजव्हिल, फेअरमाँट, हॅरिमन पार्क या वस्त्यांतल्या अंगणांच्या मातीत शिसं, आर्सेनिक सापडलं. ईपीएनं शेकडो घरांच्या अंगणातली माती खणून नेली. या सफाईला विरोध करण्यासाठी राज्यातल्या एका आमदाराला लाच दिली गेली आणि २०१८ मध्ये कोळसा कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिच्या वकिलाला त्यात दोषी ठरवलं गेलं. भाडं स्वस्त आहे म्हणून त्या बाजूला बघणाऱ्यानं, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर, मातीच्या तपासणीचा अहवाल आधी मागावा.

आता खिशाकडे. अलाबामात मालमत्ता कर अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या मानानं कमी आहे, याचं नवख्याला फार कौतुक वाटतं. कमी आहे, पण इतर वाटांनी वसुली होते. बर्मिंगहॅम शहरात दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर एकूण १० टक्के विक्रीकर बसतो. शहराच्या हद्दीत नोकरी करणाऱ्याच्या पगारातून १ टक्का शहर कापून घेतं, राहायला तो कुठंही असो. म्हणजे डोंगरापलीकडे राहून तो चुकवता येत नाही. जेफरसन काउंटीत आणखी एक गंमत आहे, ती सांडपाण्याच्या बिलाची. गटारांच्या कामासाठी काढलेल्या कर्जात आणि त्यातल्या भ्रष्टाचारात बुडून या काउंटीनं नोव्हेंबर २०११ मध्ये ४ अब्ज डॉलरच्या आसपास देणं असताना दिवाळखोरी जाहीर केली. स्थानिक शासनाची तोवरची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी दिवाळखोरी. २०१३ मध्ये डेट्रॉइटनं तो विक्रम मोडला. त्या देण्याची फेड आजही बिलातून चालू आहे. तेव्हा घरमालकाकडे विजेच्या बिलाबरोबर पाण्याचं आणि सांडपाण्याचंही जुनं बिल मागावं. सेप्टिक टँक असेल तर हे बिल नसतं, पण टाकी उपसायचा खर्च असतो.

निसर्गाचं भय कॅलिफोर्नियात भूकंपाचं, फ्लोरिडात चक्रीवादळाचं, इथं टोर्नेडोचं. २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसाहून आलेल्या टोर्नेडोनं बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या प्रॅट सिटी आणि प्लेझंट ग्रोव्ह या वस्त्या अक्षरशः पुसल्या. यात हा भाग सुरक्षित आणि तो असुरक्षित असं काही नसतं, घर मात्र बघून घेता येतं. डोंगरउतारावरच्या घरांना बहुधा जमिनीत दडलेलं तळघर असतं. सपाटीवरची नवी घरं नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबवर बांधलेली असतात. तिथं लपायचं कुठं, तर खिडकी नसलेल्या मधल्या बाथरूममध्ये. सरावलेले अलाबामाकर टीव्हीवरच्या जेम्स स्पॅन या हवामानतज्ज्ञाकडे डोळे लावून बसतात. त्यांनी कोट काढला आणि गॅलिस दिसू लागले, की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं, हा तिथला सर्वमान्य संकेत आहे.

डोंगर मधे असण्याची किंमत कळते ती बर्फाच्या दिवशी. २८ जानेवारी २०१४ ला अवघा दोन इंच बर्फ पडला, पण रस्त्यांचा काचेसारखा बर्फ झाला आणि चढ-उतारावर गाड्या जागच्या जागी अडकल्या. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली. एका न्यूरोसर्जननं ब्रुकवुडच्या रुग्णालयातून ट्रिनिटी रुग्णालयापर्यंत सहा मैल चालत जाऊन शस्त्रक्रिया केली, ती बातमी देशभर गाजली. ऑन-कॉल असणाऱ्या रेसिडेंटनं डोंगराच्या अलीकडेच, म्हणजे साउथसाइड किंवा हायलँड पार्कमध्ये, भाड्यानं घर घ्यावं असं जुने लोक सांगतात. ते पटण्यासारखं आहे.

आणि खरं तर शाळेत जाणारं मूल घरात नसेल तर डोंगर ओलांडायची एवढी घाई कशाला? फॉरेस्ट पार्क, क्रेस्टवुड, अव्हाँडेल या शहराच्या हद्दीतल्या वस्त्यांत पायी जाता येतील अशी खाणावळी-दुकानं आहेत, जुनी सावलीची झाडं आहेत. मूल मोठं असेल तर सातवीपासून बारावीपर्यंतची, राज्य सरकारची अलाबामा स्कूल ऑफ फाइन आर्ट्स डाउनटाउनमध्येच आहे. प्रवेश मात्र गुणवत्तेवर. शहराचे ९९ अधिकृत ‘नेबरहूड’ आहेत आणि त्यांची निवडून दिलेली पदाधिकारी मंडळं १९७४ पासून काम करतात. त्यांच्या बैठकीला बाहेरच्यालाही जाता येतं. रस्त्यावरचे दिवे, गोळीबाराचे आवाज, रिकाम्या घरांमधली झाडी, तासन् तास फाटक अडवून उभ्या राहणाऱ्या मालगाड्या, सगळं तिथं तक्रारींच्या सुरात ऐकायला मिळतं. घराच्या जाहिरातीत यातलं एक अक्षर नसतं.

शेजार कसा आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. केक घेऊन शेजारीण दारात येते आणि दोन वाक्यांत विचारते, “कुठल्या चर्चला जाता?” आपल्याकडे ‘मूळ गाव कुठलं?’ विचारावं तसा हा प्रश्न आहे. त्यात खोच नसते. पेलहॅमला हिंदू मंदिर आहे, तिथं जातो, असं सांगितलं की बाई मनापासून ‘हाऊ नाइस’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न करतात तो अलाबामा की ऑबर्न, म्हणजे फुटबॉलचा संघ कुठला. त्याचं उत्तर जास्त जपून द्यावं.

पण आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर गल्लीला फुटपाथ आहे का, ते नक्की पाहावं. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच राज्यात, हंट्सव्हिलशेजारच्या मॅडिसन उपनगरात, नातवासाठी गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फिरत होते. इंग्रजी येत नव्हतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला, पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि मानेला झालेल्या इजेमुळे त्यांना अंशतः पक्षाघात झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी भारताची माफी मागितली. सगळे मोटारीनंच फिरतात अशा वस्तीत पायी चालणारा माणूस परका दिसतो. होमवुडच्या एजवुडसारख्या भागात संध्याकाळी लोक कुत्रे घेऊन फिरतात, मुलं सायकली चालवतात. तिथं एक आजोबा आणखी चालले तर कुणाचं लक्ष जात नाही. बघायला गेलेल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी लावून त्या गल्लीत अर्धा तास चालून यावं.

विकत घ्यायचंच ठरलं तर आणखी एक ध्यानात असू द्यावं. जुन्या घराच्या खोडी विकणाऱ्यानं आपणहून सांगायचं बंधन अलाबामात जवळजवळ नाही. पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. मात्र थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही. म्हणून वाळवी लागली होती का, तळघरात पाणी शिरतं का, खालून जुनी खाण गेली आहे का, हे लेखी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. आपण स्वतः राहतो त्या घराच्या मूल्याच्या १० टक्क्यांवर कर लागतो, तर भाड्यानं दिलेल्या घराच्या २० टक्क्यांवर. ही सवलत आपोआप मिळत नाही. काउंटीच्या कार्यालयात जाऊन मागावी लागते.

(पुढील लेखांक : घराची तपासणी करणारा इन्स्पेक्टर नेमकं काय पाहतो आणि काय पाहत नाही)